मधला एक दिवस

पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला लाल दिवा चांगला मिनिटभर असतो. खिशातून फोन काढावा, आलेला मेसेज वाचावा आणि तो चार-पाच ठिकाणी ढकलावा, एवढं त्यात आरामात होतं. तीन वर्षांपूर्वी मी तेच केलं. ‘अर्जंट! लहान मुलाच्या ऑपरेशनसाठी ओ निगेटिव्ह रक्त हवे आहे. कृपया जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’, आणि खाली एक दहा आकडी नंबर. दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, मी निघालो. घरी पोचेपर्यंत काहीतरी चांगलं केल्याची ऊब होती मनात.

संध्याकाळी आठवलं, अरे, आपला भाचाच ओ निगेटिव्ह आहे. त्याला विचारलं, तो लगेच तयार झाला. म्हणून त्या नंबरवर फोन लावला. मी नाव सांगायच्या आत पलीकडचा माणूस म्हणाला, ‘रक्ताचं ना?’ आणि मग पाठ केल्यासारखं, ‘दोन वर्षं झाली हो त्याला. पोरगं शाळेत जातंय आता. पण फोन थांबत नाहीत. रात्री दोनलासुद्धा येतात. लोक बिचारे मदतच करायला बघतात, म्हणून नंबरही बदलवत नाही.’ मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘राहू द्या. तुम्ही निदान फोन तरी केलात.’

हे शेवटचं वाक्य मला लागलं. कारण मी बावीस वर्षं एका मराठी दैनिकात काढली आहेत आणि त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या तारखा तपासण्यात. बातमीत ‘आज’ लिहिलं असेल तर आज म्हणजे नक्की कोणता वार, हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न होता. त्या मेसेजवर तारीख नव्हती, गाव नव्हतं, दवाखान्याचं नाव नव्हतं. माझ्यासारख्याला हे पहिल्या नजरेत दिसायला हवं. दिसलं नाही. बरं, त्यात द्वेष नव्हता, राजकारण नव्हतं, कुणी मला भडकवलंही नव्हतं. गाडी तेवढी सिग्नलला थांबली होती.

इंटरनेटने माणसाच्या विचारशक्तीचं काय केलं, या विषयावर आपल्याकडे बोलणं सुरू झालं की गाडी दोनच रुळांवर धावते. एक तर मेंदू: एकाग्रता गेली, स्मरणशक्ती गेली, मुलं वाया गेली. नाही तर नीती: लोक खोटारडे झाले, कोत्या मनाचे झाले. मला दोन्ही पटत नाही. आपल्या डोक्यात फार काही बदललंय असं मला वाटत नाही. बदललं आहे ते डोक्याबाहेरचं एक अंतर. एखादी गोष्ट कानावर पडणं आणि त्यावर आपण काही करणं, यांच्यामध्ये पूर्वी वेळ असायचा. तो आपण राखलेला नव्हता, आपल्या संयमाचं ते फळ नव्हतं. टपाल हळू चालायचं, फोन घरात एकच असायचा, छापखाना रात्री सुरू व्हायचा, म्हणून तो वेळ आपोआप मिळायचा. आपला बराचसा विचार त्या फुकटच्या वेळेत व्हायचा आणि आपण त्याचं श्रेय मात्र स्वतःच्या बुद्धीला देत आलो.

स्मरणशक्तीचं रडगाणं आधी उरकून टाकू. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणत. वडलांना तीसपर्यंत पाढे, मला वीसपर्यंत, मुलीला बारापर्यंत. हा उतार फोनच्या फार आधीचा आहे. १९५७ साली दशमान नाणी आली, आण्यांचा हिशेब गेला, तेव्हाच पावकी-निमकीचं काम संपत आलं होतं. लिहिण्यामुळे माणसं विसराळू होतील ही तक्रार तर प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातली आहे, म्हणजे ती चोवीसशे वर्षांची जुनी. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. माहिती संगणकात साठवली जाणार आहे असं ज्यांना सांगितलं, ते ती माहिती कमी लक्षात ठेवत. पण ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे मात्र चांगलं लक्षात ठेवत. आमच्या ऑफिसातला जुना ग्रंथपाल अगदी असाच होता. त्याला लेख आठवायचा नाही, कपाट आठवायचं. त्याला कुणी मतिमंद म्हटलं नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे, आणि त्यासाठी मागे जावं लागेल.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती विसर्जनाला दोन आठवडे होत आले होते आणि सकाळी सकाळी ऑफिसचा फोन घणघणायला लागला: गणपती दूध पितोय. दिल्लीहून सुरू झालेली ही गोष्ट दुपारच्या आत देशभर पसरली, परदेशातल्या देवळांपर्यंत गेली. भारतात सर्वसामान्यांच्या हातात तेव्हा इंटरनेट नव्हतं. मोबाइल नव्हता. जे काही झालं ते घरातल्या काळ्या फोनवर आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या एसटीडी बूथवर. तेव्हा ‘इंटरनेटमुळे लोक अफवांवर विश्वास ठेवायला लागले’ असं कुणी म्हणालं की मला तो गुरुवार आठवतो. अख्ख्या देशाला अर्ध्या दिवसात कामाला लावायला आपल्याला तारेचा साधा फोन पुरला होता.

पण त्या दिवसाची एक गोष्ट मला आता, इतक्या वर्षांनी, महत्त्वाची वाटते. लोक चमचा घेऊन गेले होते. अफवेत सामील व्हायचं तर चपला घालायला लागत होत्या, वाटीत दूध घ्यायला लागत होतं, रांगेत तासभर उभं राहायला लागत होतं आणि शेवटी स्वतःच्या हाताने चमचा सोंडेला लावून स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लागत होतं. माझी आत्या गेली होती. भाविक बाई, सोमवार सोडायची नाही. परत आली आणि ओसरीवर बसून म्हणाली, ‘पितो म्हणा, पण सगळं नाही पीत. बरंचसं खाली ओघळतं.’ दुसऱ्या दिवशीच्या अंकात पृष्ठताणाचं शास्त्रीय स्पष्टीकरण आम्ही छापलं. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते मूर्तीवरून कसं खाली ओघळतं ते दाखवलं होतं. पण आत्याने रंग न घालताच ते पाहिलं होतं. तिची श्रद्धा काही कमी झाली नाही, होण्याचं कारणही नाही. मात्र तिच्या वाक्यात ‘बरंचसं’ हा शब्द होता. तो शब्द तिने स्वतः कमावला होता. एखाद-दोन दिवसांत सगळं थंड झालं.

ही जुन्या काळाची आरती नाही. त्या रांगेत ढकलाढकली होती, खोटं बोलणारे पुजारी होते आणि आमच्याकडेही खप वाढणार म्हणून डोळे चमकलेले लोक होते. मुद्दा एवढाच की त्या अफवेला शरीर लागत होतं. फॉरवर्डला अंगठ्याचं टोक पुरतं.

त्याच काळात माझ्याकडे वाचकांच्या पत्रांचं सदर होतं. रोज सकाळी शिपाई सुतळीने बांधलेला गठ्ठा टेबलावर आणून टाकायचा. निम्म्याहून जास्त पोस्टकार्डं. पोस्टकार्डाची गंमत अशी की त्यावर खोडलेलं दिसतं. एका निवृत्त शिक्षकांची पत्रं नेहमी यायची. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर, डाव्या बाजूला आखलेला समास, आणि जागा संपली की कडेने उभं लिहिलेलं शेवटचं वाक्य. त्यांचं एक कार्ड मला अजून जसंच्या तसं दिसतं. कुठल्याशा कचेरीत पेन्शनच्या कागदासाठी त्यांना चार खेपा घालाव्या लागल्या होत्या. पत्र सुरू होत होतं: ‘तेथील निर्लज्ज’. ‘निर्लज्ज’वर एक रेघ. त्याच्यापुढे ‘उद्दाम’. त्यावरही रेघ, जरा जाड. मग ‘बेफिकीर कर्मचारी’. पत्र बेफिकीरवर स्थिरावलं होतं. तेवढ्याच जागेत एका माणसाचा राग तीन पायऱ्या उतरला होता, आणि उतरून तो अचूक झाला होता. कारण ते कर्मचारी खरोखर बेफिकीरच होते, निर्लज्ज नव्हते.

त्याच गठ्ठ्यात, त्याच अक्षरात दुसरं कार्ड. एक दिवस नंतर टाकलेलं, पण टपालाच्या कृपेने एकाच दिवशी पोचलेलं. त्यावर दोन ओळी: ‘कालचे पत्र कृपया छापू नये. आज सकाळी काम झाले. संबंधित कर्मचाऱ्याच्या घरी आजारपण होते असे समजले.’

मी ते पहिलं पत्र छापलं नाही. आज हाच प्रसंग घडला असता तर ‘निर्लज्ज’ सकाळी अकराला ग्रुपवर पडलं असतं, सव्वाअकराला त्या कर्मचाऱ्याचा फोटो, दुपारी त्याच्या वरिष्ठांना टॅग आणि संध्याकाळी काम झाल्यावर ‘हा संदेश डिलीट करण्यात आला आहे’ अशी एक राखाडी ओळ. तोच माणूस, तीच बुद्धी, तोच चांगुलपणा. फक्त मधला एक दिवस नाही. खोडलेलं दिसत नाही ही तर आणखी वेगळी गोष्ट. फोनवरही माणूस लिहितो, पुसतो, परत लिहितो. पण पलीकडच्याला फक्त ‘टायपिंग’ दिसतं आणि मग एकदम निकाल. समोरचा कुठून कुठे आला हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं की त्याचं मत असंच तयार, धारदार, एका झटक्यात बाहेर पडलेलं आहे. मग आपणही तसंच देतो.

इथवर मी हलक्या गोष्टी सांगितल्या. आता जड सांगतो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्या भागात आधीपासून मोबाइलवर फिरत होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याच रात्री मालेगावात दुसऱ्या एका जमावाच्या हातून पोलिसांनी पाच जणांना वाचवलं. त्यात दोन वर्षांचं मूल होतं.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मी पाहिली होती. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. बघताना पोटात खड्डा पडतो. ती फीत मुळात कराचीतली होती, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करणारी. मूळ फितीत ते दोघं वळून परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि रस्त्यावरून मूल पळवायला किती कमी वेळ लागतो हे सांगणारा फलक धरतात. आपल्याकडे जी फिरली तिचा हा शेवटच कापलेला होता. कापणारा दुष्ट होता यात शंका नाही. पण तो एक असेल, चार असतील. पुढे पाठवणारे लाखो होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण एखाद्याचं मूल वाचवतोय असंच वाटत असणार. माझ्या रक्ताच्या मेसेजसारखंच. मला हे म्हणताना बरं वाटत नाही, पण सिग्नलवरचा माझा अंगठा आणि त्यांचा अंगठा यांत मला फरक सापडत नाही. फरक मेसेजमध्ये होता, आणि तो निव्वळ माझं नशीब.

दारात आलेल्या भटक्याला गावाने चार प्रश्न विचारायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. कुठले? कोणाचे? मागल्या साली आला होतात का? पलीकडच्या वाडीत कोण ओळखतं? ही उत्तरं यायला वेळ लागतो. ज्यांच्या खिशात उत्तर आधीच येऊन पडलंय, ते प्रश्न कशाला विचारतील?

राईनपाड्यानंतर तीन आठवड्यांच्या आत व्हॉट्सॲपने (आमच्या मित्रमंडळात अजून ‘कायप्पा’च म्हणतात) भारतापुरती एक मर्यादा जाहीर केली: एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. फोटो-व्हिडिओच्या शेजारी असलेलं झटपट फॉरवर्डचं बटणही काढायचं ठरलं. एप्रिल २०२० मध्ये, जे मेसेज आधीच बऱ्याच हातांतून गेलेत ते एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं. त्यानंतर अशा फार फिरलेल्या मेसेजचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी घटलं, असं कंपनीनेच सांगितलं. कंपनीचा आकडा कंपनीच्या सोयीचा असणार हे धरून चालू. तरी निम्मा मानला तरी विचार करण्यासारखा आहे. त्या काही आठवड्यांत लोक शहाणे झाले नव्हते. कुणी त्यांना मूल्यशिक्षण दिलं नव्हतं. बोटाला दोनदा जास्त वाकायला लागलं, एवढंच. चार वेळा तेच करायचं म्हटल्यावर पुष्कळांनी सोडून दिलं. म्हणजे तो मेसेज त्यांना फार महत्त्वाचा वाटत होता असंही नाही. वाट उताराची होती म्हणून चेंडू घरंगळत होता.

म्हणून मला ‘डिजिटल साक्षरता’ या शब्दाचा कंटाळा आला आहे. कार्यशाळा घ्या, भित्तिपत्रकं लावा, ‘विचार करून पुढे पाठवा’ म्हणा, काही हरकत नाही. पण साक्षरच काय, संपादकही सिग्नलवर फसतो. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला. २०१८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. खोटी बातमी खऱ्यापेक्षा लांब, वेगाने आणि जास्त लोकांत पसरते, आणि त्याला स्वयंचलित खाती नव्हे तर माणसं जबाबदार आहेत, असं त्यांना दिसलं. खोटी बातमी नवी वाटते, हे एक कारण त्यांनी सुचवलं. नव्याची ओढ हा काही दुर्गुण नाही. आमचा सगळा धंदा त्यावर चालला. पण आमच्याकडे बातमी हातात येणं आणि अंक निघणं यांत रात्र होती. त्या रात्री किती बातम्या मेल्या, याची गणती नाही.

वेगाने जीव वाचतात, हे कुणी मला सुनावण्याआधी मीच सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं तेव्हा माझ्या चुलतभावाच्या गल्लीत बोट आली ती ग्रुपवर टाकलेल्या पत्त्यामुळे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजन आणि बेड शोधताना फोनशिवाय दुसरं होतंच काय? पण त्या दोन महिन्यांत लोकांनी आपणहून काय केलं, ते आठवून पाहा. ‘इंजेक्शन उपलब्ध’ असा मेसेज आला की कुणीतरी पोरगं आधी फोन करून खात्री करायचं आणि पुढे लिहायचं: व्हेरिफाइड, सकाळी साडेदहा. दुपारी दुसरं कुणी लिहायचं: संपलं, सव्वादोन. कुणी नियम केला नव्हता, कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. तारीख-वेळ नसलेली माहिती माणूस मारते हे तेव्हा प्रत्येकाला कळलं होतं. संकट सरलं आणि ती सवयही गेली.

आणखी एक परिणाम आहे, जो मला अफवांपेक्षाही चिवट वाटतो. आमच्या सोसायटीत एक काका गेले. तिसऱ्या मजल्यावरचे, दिवाळीत सगळ्या मुलांना एक-एक फुलबाजीचा पुडा देणारे. मी ग्रुपवर लिहायला बसलो. ‘भाव’ टाइप केलं आणि कीबोर्डने ‘भावपूर्ण’ पुढे केलं. ते दाबलं, त्याने ‘श्रद्धांजली’ दिलं. ते दाबलं, त्याने दोन जोडलेले हात दिले. तीन टिचक्यांत काका संपले. माझ्याआधी सदतीस जणांनी तेच लिहिलं होतं, माझ्यानंतर वीस जणांनी. फुलबाज्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. मी मग ते पुसून फुलबाज्यांवर दोन वाक्यं लिहिली, तर खाली एकदम चार जणांनी आपापली आठवण सांगितली. म्हणजे आठवणी होत्या. वाट तीन टिचक्यांवरून गेली म्हणून त्या रस्त्यात लागल्याच नाहीत. आता तर फोन अख्खं उत्तर लिहून देतो, लांब मेसेजचा सारांशही काढून देतो. शब्द शोधताना माणूस अडखळतो, आणि अडखळतानाच त्याला कळतं की आपल्याला नेमकं काय म्हणायचंय. निर्लज्ज, उद्दाम, बेफिकीर. ते अडखळणंच आता कुणीतरी आपल्या वतीने करणार असेल, तर बेफिकीरपर्यंत आपण पोचणार कसे, हे मला कळत नाही.

मग करायचं काय? एकट्यादुकट्याच्या निर्धारावर माझा फार विश्वास नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणारे, एकादशीला नेट बंद ठेवणारे माझे मित्र आहेत. द्वादशीला सगळं वसूल करतात. मला आशा वाटते ती सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाकडे बघून. बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यातले कामगार असलेलं हे गाव. टाळेबंदीत शाळेसाठी मुलांच्या हातात फोन आले आणि शाळा उघडल्यावरही सुटेनात. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावाने बैठकीत ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याने त्याने आपलं बघावं. सुरुवातीला लोक जुमानत नव्हते, तेव्हा अंगणवाडी सेविका, आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन सांगत होते.

यात मला आवडलेला भाग असा की भोंगा सगळ्यांसाठी होता. बापाने रील बघत पोराला ‘अभ्यासाला बस’ म्हणायची सोय त्यात नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी घालणारा ठराव केला. हेतू चांगलाच असेल, पण मला तो पटला नाही. राईनपाड्याकडे अफवा ढकलणारी माणसं काय शाळकरी होती? मुलांचं खापर आपण फार लवकर फोडतो. मी ज्या ग्रुपांचा ॲडमिन आहे, त्यात सगळ्यात बेताल मंडळी साठीच्या पुढची आहेत, आणि त्यांत मीही धरला आहे. (ग्रुपवर सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ ॲडमिनला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. तेव्हापासून मी जरा सुखाने झोपतो.)

भोंगा पुण्यात चालणार नाही, हे मला माहीत आहे. पण भोंग्यासारखी एक साधी गोष्ट सगळ्या देशाला मागता येईल. पोस्टकार्डावर टपालाचा शिक्का असायचा. त्यावर लिहिणाऱ्याचं नाव नसायचं. कार्ड कुठल्या कचेरीतून, कोणत्या तारखेला निघालं एवढंच असायचं. निनावी पत्रालाही तो शिक्का चुकत नसे, आणि आम्हाला निम्मी परीक्षा त्या शिक्क्यावरूनच करता यायची. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर असाच शिक्का हवा: हा पहिल्यांदा कोणत्या दिवशी पाठवला गेला. कुणी पाठवला ते नको.

सरकारने मागितलं ते नेमकं उलटं. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत, मेसेज सुरू करणारा पहिला माणूस कोण हे शोधता आलं पाहिजे अशी अट आली. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. असं केलं तर फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येणाऱ्या कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) संभाषणाचं कुलूपच मोडेल, हे त्यांचं म्हणणं. या भांडणात मला दोन्ही बाजूंची भीती वाटते. ‘कोण’ हे कळलं तर उद्या पेन्शनच्या कागदासाठी चार खेपा घालणाऱ्या शिक्षकाच्याच दारात पोलीस येईल. पण ‘कधी’ कळल्याने कुणाचं काय जातं? फार वेळा फिरलेल्या मेसेजवर आत्ताही दोन बाण दिसतात. म्हणजे किती हातांतून गेला याची मोजणी मेसेजबरोबर प्रवास करतेच, आत काय लिहिलंय ते न वाचता. मग तारखेला प्रवास करायला काय अडचण आहे? कुणी कॉपी-पेस्ट करून तारीख पुसेल, हे खरं. पुसू दे. तेवढे कष्ट घेणारे थोडे, आणि आपल्याला अडवायचं आहे ते न कष्टता पाठवणाऱ्यांना. त्या मुलाच्या वडलांचा नंबर त्यामुळे कधीच शांत झाला असता.

तो नंबर मी तेव्हाच ‘रक्त जुना मेसेज’ या नावाने साठवून ठेवला होता. गेल्या महिन्यात शाळेच्या ग्रुपवर तोच मजकूर परत आला, ‘अर्जंट’सकट, काना-मात्राही न बदलता. आता खात्री करायची तर पुन्हा त्या माणसालाच फोन करायचा, म्हणजे त्याच्या डोक्याला आणखी एक ताप. मी नंबर शोधून पाहिला, माझं ठेवलेलं नाव वर आलं. ग्रुपवर लिहिलं: ‘हा मेसेज पाच वर्षांपूर्वीचा आहे. मुलगा बरा आहे. कृपया थांबवा.’ दोन अंगठे आले. मग ज्याने तो टाकला होता त्याचं उत्तर आलं. माझ्या बाकावर बसायचा तो, मोठ्या मनाचा माणूस, दर वर्षी स्वतः रक्त देतो.

‘अरे, असू दे ना,’ त्याने लिहिलं. ‘पाठवायला काय जातं?’